कोळसा कोण टाकतंय? व्हिक्टोरियन स्टीमपंक कादंबऱ्या वाचताना

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांत एक जात अशी आहे, की पुस्तक लांबूनच ओळखू येतं. मुखपृष्ठावर पितळेची दातेरी चाकं, कपाळावर गॉगल सरकवलेली घेरदार झग्यातली मुलगी, मागे धुरात बुडालेलं लंडन आणि वर आभाळात एक लांबोळकी एअरशिप, म्हणजे इंजिनाने चालणारं फुग्याचं जहाज. या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. के. डब्ल्यू. जीटर या अमेरिकन लेखकाने १९८७ साली एका विज्ञानकथा-मासिकाला लिहिलेल्या पत्रात हे नाव अर्ध्या गमतीने सुचवलं आणि ते चिकटलं. त्यातल्या ‘पंक’वर फार डोकं खर्च करू नये. बंडखोरी असते, पण बऱ्याच पुस्तकांत ती गॉगलपुरतीच असते.

गोष्ट साधारण अशी. काळ राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१. ठिकाण बहुधा लंडन. पण या लंडनमधली यंत्रं खऱ्या लंडनच्या कितीतरी पुढे गेलेली: वाफेवर चालणारे यांत्रिक नोकर, किल्ली दिली की घरभर हिंडणारे पितळी कुत्रे, प्रवासी घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या एअरशिप. पुढे वीज, पेट्रोल आणि कॉम्प्युटरने जे केलं, ते इथे वाफेने आणि चावीच्या यंत्रांनी आधीच करून टाकलेलं असतं. त्यात एखादं पोरकं पोर, एक बेपत्ता बाप, चोरीला गेलेला एखादा आराखडा आणि अत्यंत सभ्य बोलणारा खलनायक.

भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत आणला, त्यामुळे असल्या यंत्रांची हौस आपल्याकडे नवी नाही. पण व्हर्न आणि स्टीमपंक यांत मोठा फरक आहे. व्हर्न एकोणिसाव्या शतकात बसून पुढे बघत होता. स्टीमपंक लिहिणारा आज बसून मागे बघतो. विमान कसं येणार, पाणबुडी कितपत चालणार, हे व्हर्नला ठाऊक नव्हतं. आजच्या लेखकाला सगळं ठाऊक आहे, आणि तरीही तो मुद्दाम दुसऱ्या वाटेने जातो. म्हणून ही पुस्तकं भविष्यकथा समजून वाचली की गोंधळ होतो. ती जर-तरच्या इतिहासकथा आहेत. त्या वाचताना दोन प्रश्न जवळ ठेवावेत असं मला वाटतं. लेखकाने खऱ्या इतिहासातली कोणती एक गोष्ट बदलली आहे? आणि त्या बदललेल्या जगाच्या भट्टीत कोळसा कोण टाकतंय?

एकच गोष्ट बदलायची

चांगला लेखक इतिहासात ढवळाढवळ बेताने करतो. फिलिप रीव्हची ‘लार्कलाइट’ (२००६) घ्या. साल १८५१. बदललेली गोष्ट एवढीच, की आयझॅक न्यूटनने गुरुत्वाकर्षणाबरोबर ग्रहांदरम्यान प्रवास करण्याची युक्तीही शोधून काढली होती. पुढचं सगळं ओघाने येतं. इंग्रजांकडे जहाजं होतीच, ती आता अवकाशात जातात. वसाहती करायची सवय होतीच, त्या आता चंद्रावर आणि मंगळावर होतात. आर्ट नावाचा मुलगा आणि त्याची थोरली बहीण मर्टल चंद्रापलीकडे फिरणाऱ्या एका जुनाट वाड्यात राहतात, आणि आजूबाजूला अख्खं अवकाश पसरलेलं असताना मर्टलबाईंना काळजी असते ती चारचौघींत शोभेलसं वागण्याची. विनोद जमतो तो यामुळेच: विश्व बदललं, पण इंग्रज माणूस तिळभरही बदलला नाही.

स्कॉट वेस्टरफेल्डच्या ‘लेव्हायथन’ची (२००९) गोष्ट १९१४ सालची, म्हणजे काटेकोरपणे व्हिक्टोरियन नव्हे. पण बदल व्हिक्टोरियन काळातला आहे: चार्ल्स डार्विनने उत्क्रांती तर सांगितलीच, शिवाय जीव ज्याने घडतो तो धागाच शोधून काढला. परिणामी इंग्रज यंत्रांऐवजी प्राणी घडवतात, त्यांची एअरशिप म्हणजे एक जिवंत देवमासा. समोर जर्मन आणि ऑस्ट्रियन, पायांवर चालणारी लोखंडी यंत्रं घेऊन. पहिलं महायुद्ध तेच, पण लढणाऱ्यांची हत्यारं वेगळी.

पण या जर-तरवाल्यांचा खरा लाडका चार्ल्स बॅबेज. त्याची हकिकत इतकी चमत्कारिक आहे, की ती नीट कळली तर अर्धा स्टीमपंक कळतो. त्यामुळे इथे जरा थांबू.

त्या काळी जहाज हाकायला, विम्याचा हप्ता ठरवायला, आकाशातल्या ग्रहांची जागा काढायला छापील कोष्टकं लागत. ती माणसं हाताने आकडेमोड करून बनवत. त्यांच्या चुका होत, छापताना जुळाऱ्याच्या आणखी होत. हे काम यंत्राकडून करून घेऊ, असं बॅबेजने १८२२ साली मांडलं. युक्ती अशी, की गुणाकार टाळायचा आणि फक्त बेरजेवर भागवायचं. वर्गसंख्या पाहा: १, ४, ९, १६, २५. शेजारशेजारच्या संख्यांमधला फरक ३, ५, ७, ९. या फरकांमधला फरक २, २, २. म्हणजे पुढचा वर्ग काढायला सहा सक छत्तीस यायला हवं असं नाही. नवात दोन मिळवले, अकरा झाले. पंचविसात अकरा मिळवले, छत्तीस झाले. आणि बेरीज करायला दातेरी चाक पुरतं. शून्य ते नऊ आकडे कोरलेलं चाक नवावरून शून्यावर आलं, की त्याने शेजारचं चाक एक घर पुढे ढकलायचं. अशा चाकांच्या उतरंडी उभ्या करायच्या आणि हँडल फिरवत राहायचं. डोकं वापरायचंच नाही.

सरकारने या कामावर सतरा हजार पौंडांहून जास्त रक्कम घातली. त्या वेळी रेल्वेचं एक नवंकोरं इंजिन आठशे पौंडांच्या आत येत होतं, तेव्हा ही वीसेक इंजिनांची किंमत झाली. १८३३ साली बॅबेजचं आणि त्याचा मुख्य कारागीर जोसेफ क्लेमंट याचं पैशांवरून बिनसलं, काम थांबलं. १८४२ साली सरकारने हात झटकले. दरम्यान बॅबेजचं मन दुसऱ्याच, त्याहून मोठ्या यंत्राकडे गेलं होतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून रेशमी नक्षी विणणारे जकार्ड माग तेव्हा युरोपात चालू होते. तसेच पुठ्ठे घालून हवी ती आकडेमोड करून घेता येईल असं हे यंत्र, ॲनालिटिकल इंजिन. एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ साली त्याच्यावर टिपणं लिहिली. सुरांचे परस्परसंबंध नियमांत मांडता आले तर असं यंत्र संगीतही रचू शकेल, असं त्यात आहे. हे यंत्रही बनलं नाही.

आता गंमत बघा. बॅबेजने १८४७ ते १८४९ या काळात पहिल्या यंत्राचा सुधारलेला आराखडा काढून ठेवला होता. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्यावरून यंत्र बांधायला घेतलं, आणि बॅबेजच्या काळच्या कारखान्यांना झेपली असती तेवढीच अचूकता ठेवली. १९९१ साली आकडेमोडीचा भाग पुरा झाला आणि चाललाही. नंतर छपाईचा भाग जोडला. सगळे मिळून आठ हजार सुटे भाग, वजन पाच टन. म्हणजे त्या काळाला हे यंत्र झेपलं असतं. आडवे आले ते पैसे आणि स्वभाव.

हे ‘अगदी थोडक्यात हुकलं’ म्हणजेच स्टीमपंकची जमीन. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची ‘द डिफरन्स इंजिन’ (१९९०) ही मोठ्यांसाठीची कादंबरी बॅबेज यशस्वी झाला असता तर, एवढ्यावरच उभी आहे. एअरशिपचंही तेच. फ्रान्सचा हेन्री गिफार्ड २४ सप्टेंबर १८५२ रोजी तीन अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन लावलेल्या फुग्यातून पॅरिसहून निघाला आणि सुमारे २७ किलोमीटर उडत गेला. परत मात्र येता आलं नाही, कारण इंजिन वाऱ्यापुढे दुबळं पडलं. कादंबरीकार म्हणतो, समजा इंजिन दुबळं पडलं नसतं. केनेथ ओपेलने ‘एअरबॉर्न’मध्ये (२००४) यासाठी हायड्रियम नावाचा एक काल्पनिक वायूच शोधून काढला आहे. हायड्रोजनपेक्षा हलका, आणि वास पिकल्या आंब्याचा. त्यामुळे आपला वाचक त्या जहाजात जरा लवकर रुळतो.

जर-तर हा खेळ आहे, दावा नव्हे, हेही मुलांना सांगावं लागतं. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, असं दरवर्षी कोणीतरी नव्याने सांगतं. त्याचा त्या काळचा ठोस पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला दिला जातो, त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ साली हिशेब करून दाखवलं. इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही. स्टीमपंक कादंबरी म्हणून मात्र ती कोणीतरी लिहायला हवी, फर्मास होईल.

वाफच का?

वाफेचं यंत्र कसं चालतं हे डोळ्यांनी दिसतं, हे पहिलं कारण. मोबाइल उघडून पाहिला तर आतली एक पट्टी दुसरीसारखीच, कोण काय करतंय ते कळत नाही. वाफेच्या इंजिनात आग दिसते, दट्ट्या पुढेमागे होताना दिसतो, दांडा चाक फिरवताना दिसतो. पाण्याची वाफ झाली की साध्या हवेच्या दाबाला तिला पाण्याच्या सुमारे सोळाशे ते सतराशे पट जागा लागते. ती जागा दिली नाही की ती वाटेत येईल ते ढकलते. सगळं गणित एवढंच. त्यामुळे चौदा वर्षांची नायिका हातात पाना घेऊन बॉयलरखाली शिरली आणि तिने गळती शोधून काढली, तर ते पटतं. तिने चिप दुरुस्त केली असती तर पटलं नसतं.

शिवाय नाट्य यंत्रातच भरलेलं आहे. झडप अडकली की दाब चढतो, काटा लाल रेषेकडे सरकतो, आणि बॉयलर फुटायच्या आत कोणीतरी काहीतरी करायलाच हवं. लेखकाला वेगळं काही रचावं लागत नाही.

दुसरं कारण कोणी फारसं सांगत नाही, पण साहसकथा लिहिणाऱ्याला विचारा: मोबाइल नसणं. आजच्या काळात हरवलेल्या भावाला फोन लावता येतो आणि कादंबरी तिसऱ्या पानावर संपते. व्हिक्टोरियन लंडनमध्ये टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई, सकाळच्या पत्राला संध्याकाळी उत्तर मिळे. त्यामुळे निरोप जातात, पण चुकीच्या हाती पडायला, उशिरा पोचायला, शेकोटीत जळायला पुरेशी फट राहते. तार होती, पण ती महाग, आणि तारबाबू मधलं सगळं वाचणार.

खरा काळ यंत्रांना इतका भुललेला नव्हता, हेही लक्षात ठेवावं. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरच्या वाफेच्या गाडीला गावात ताशी दोन मैल आणि बाहेर चार मैल अशी मर्यादा घातली होती, आणि गाडीपुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालायचा. हा नियम पुरता सुटायला १८९६ साल उजाडलं. कादंबरीत वाफेच्या गाड्या रस्त्यावरून बेफाम धावत असतील, तर लेखकाने हा कायदा कुठे गडप केला ते शोधावं. चांगल्या पुस्तकात त्याचं उत्तर सापडतं. सामान्य पुस्तकात लेखकाला प्रश्नच पडलेला नसतो.

पोरकी पोरं आणि शिस्तीतल्या मुली

आजच्या कादंबरीत बारा वर्षांचं पोर जहाजावर नोकरी करताना दाखवलं तर वाचक भुवया उंचावेल. तेव्हा ते रोजचं होतं. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी आली, म्हणजे नवाच्या वरची चालत होती. १८४२ साली खाणीच्या पोटात दहा वर्षांखालचे मुलगे आणि सगळ्या बायकामुली यांना बंदी झाली. धुराडी साफ करायला लहान पोरांना आत चढवायची प्रथा तर कायद्यांवर कायदे करून १८७५ पर्यंत रेंगाळली. तेव्हा या कादंबऱ्यांतलं एकटं, कमावतं, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं पोर ही लेखकाची सोय आहेच, पण ती त्या काळाने आयती दिलेली सोय आहे.

मुलींचं गणित निराळं. १८८२ चा कायदा होईपर्यंत इंग्लंडमधल्या लग्न झालेल्या बाईची मालमत्ता बरीचशी नवऱ्याची धरली जाई. खानदानी मुलीने शिकायचं काय, तर नाच, फ्रेंच, शिवण आणि लवून नमस्कार करण्याच्या तऱ्हा. गेल कॅरिजरच्या ‘एटिकेट अँड एस्पिओनाज’मध्ये (२०१३) हेच उलटं केलं आहे. १८५१ साली चौदा वर्षांच्या सोफ्रोनियाला आई वळण लागावं म्हणून शाळेत घालते. शाळा असते एअरशिपमध्ये, आणि तिथे वळण लावतातच, पण त्याबरोबर हेरगिरीही शिकवतात. पंखा कसा धरावा आणि त्याच पंख्याने गळा कसा धरावा, दोन्ही एकाच तासाला. व्हिक्टोरियन रीतीभाती समजून घ्यायला याहून गमतीदार वाट मला माहीत नाही.

अशा कणखर नायिका पाहून काही जण नाक मुरडतात, आजच्या मुलीला जुने कपडे घातलेत म्हणतात. कधीकधी ते खरंही असतं. पण मग ॲलिस ट्रेडवेल यांचं काय करायचं? मुंबईहून पुण्याकडे जाणारी रेल्वे बोरघाटातून चढवायचं कंत्राट त्यांचे पती सॉलोमन यांनी घेतलं होतं. १८५९ साली ते इथे पोचले आणि काही दिवसांतच वारले. पतीच्या मागे या बाईंनी परत जाण्याऐवजी कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं, जाणते इंजिनिअर नेमले आणि काम तडीस नेलं. १८६३ साली घाट खुला झाला. ही कल्पित नायिका असती तर समीक्षकांनी लेखकाला झोडपलं असतं.

आता कोळशाकडे

बोरघाट निघालाच आहे तर तिथूनच पुढे जाऊ. ॲलिसबाईंच्या हाताखाली, घाटातल्या बोगद्यांत आणि पुलांवर, १८६१ च्या सुमाराला चाळीस हजारांहून जास्त मजूर होते. कॉलऱ्याने, दरडींनी, सुरुंगांनी हजारो मेले. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत. हाच या लेखातला दुसरा प्रश्न. वाफेचं यंत्र आपोआप चालत नाही. कोणीतरी फावड्याने कोळसा टाकत असतं, कोणीतरी तो खणत असतं. स्टीमपंकचं मुखपृष्ठ पितळेचं चकचकीत असतं, काजळी कुठे दिसत नाही.

कॅरिजरची मालिका इथे मला आवडते. तिच्या हवेतल्या शाळेच्या तळाशी बॉयलरची खोली आहे आणि तिथे काजळीने माखलेली पोरं राबतात. सोप नावाचा कृष्णवर्णीय मुलगा त्यांच्यात आहे. सोफ्रोनिया चोरून खाली उतरते, आणि त्या पोरांशिवाय तिचं एकही साहस तडीला जात नाही. वरचा मजला आणि खालचा मजला यांच्यामधली शिडी लेखिकेने विसरू दिलेली नाही. उलट कसांड्रा क्लेअरची ‘क्लॉकवर्क एंजल’ (२०१०) फार खपलेली, वेगवान आणि प्रेमकथा म्हणून पकड घेणारी आहे. तिच्यातलं १८७८ चं लंडन धुकं आणि पाऊस म्हणून झकास उतरलंय, पण ते बरंचसं पडद्यावर रंगवलेलं लंडन आहे. दैत्यशिकारी, चेटूक आणि चावीची माणसं यांच्या गर्दीत शहराचा पोटापाण्याचा व्यवहार दिसत नाही. न का दिसेना, त्या पुस्तकाला तो दाखवायचाही नाही. वाचणाऱ्याने तेवढं ओळखावं.

खऱ्या व्हिक्टोरियन यंत्रयुगाचा कोळसा कुठून येत होता? समुद्राखालच्या तारा पाहा. १८६६ साली अटलांटिकपार तार कायमची जोडली गेली, १८७० साली मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. तारेतली वीज पाण्यात निसटू नये म्हणून तिच्यावर गटापर्चा नावाचा चीक चढवत. तो मलायाच्या जंगलातून यायचा आणि त्यासाठी लाखो झाडं तोडली गेली. नायिकेच्या अंगावरच्या सुती झग्याचा कापूस आधी अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला असायचा. १८६१ साली तिथे यादवी पेटल्यावर मँचेस्टरने मोर्चा इकडे वळवला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर आला, मुंबईत पैशांचा पूर आला आणि १८६५ साली तो तितक्याच वेगाने ओसरला.

आणि आगबोटींच्या पोटात तर शब्दशः आपलीच माणसं होती. इंग्रज कंपन्यांच्या जहाजांवर भट्टीपुढे कोळसा टाकणाऱ्यांना आगवाले म्हणत. ते बहुतेक हिंदुस्थानी. डेकवर कोकणातले खलाशी, जेवणघरात गोव्याचे बटलर आणि कुक. लंडनच्या गोदीभागात अशी माणसं अडकून पडत, परतीचं जहाज मिळेपर्यंत थंडीत कुडकुडत. एअरशिपमधल्या मेजवानीचं वर्णन आलं की ताटं कोण वाढतंय ते मी आधी बघतो.

इंग्रजी कादंबऱ्यांत हिंदुस्थान येतो तो मात्र ठरावीक वेषात: शापित हिरा, अफू, वाघ, खंजीर. १८५१ च्या प्रदर्शनात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये कोहिनूर खरोखरच मांडला होता. लोक रांगा लावून बघायला गेले आणि तो काही चमकत नाही म्हणून हिरमुसले. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले, त्यात त्याचं वजन निम्म्याच्या आसपास आलं. हिऱ्याची एवढी खरी गोष्ट हाताशी असताना शाप कशाला लागतो?

व्हर्नने तर १८८० साली हिंदुस्थानावर अख्खी कादंबरी लिहिली. तिचं फ्रेंच नाव ‘ला मेझाँ आ व्हापर’, म्हणजे वाफेचं घर. कलकत्त्याहून एक पोलादी हत्ती निघतो. पोटात बॉयलर, सोंडेतून धूर, आणि मागे चाकांवरचे दोन बंगले. आजच्या स्टीमपंकला हेवा वाटावा असं हे यंत्र आहे. सुरुवात होते ती औरंगाबादेत, मार्च १८६७ मध्ये लागलेल्या एका जाहीरनाम्याने: नाना साहेबाला पकडून देणाऱ्याला दोन हजार पौंड. सत्तावनच्या उठावानंतरचे नाना साहेब पेशवे हे या कादंबरीतले खलनायक. व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नव्हता, इंग्रजी-फ्रेंच वृत्तांत वाचून त्याने ते उभे केले. गंमत म्हणजे याच व्हर्नने काही वर्षं आधी ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये आपल्या पाणबुडीवाल्या कॅप्टन नेमोचं गूढ उकललं तेव्हा तो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, सत्तावनात इंग्रजांविरुद्ध लढलेला. एकच उठाव, एकाच लेखकाच्या हातून एकदा नायक आणि एकदा खलनायक. मराठी वाचकाने ही दोन पुस्तकं लागोपाठ वाचावीत. कोणत्या पानावर आपला राग येतो आणि कोणत्या पानावर अभिमान वाटतो, ते तपासण्यासारखं आहे.

खऱ्या लंडनमध्ये तेव्हा आपली माणसं कोण होती? साताऱ्याच्या पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडायला गेलेले रंगो बापूजी गुप्ते तिथे १८५३ पर्यंत ठाण मांडून होते. म्हणजे ‘लार्कलाइट’ आणि सोफ्रोनियाची शाळा ज्या सालात घडतात, त्या १८५१ सालात हा मराठी वकील लंडनच्या रस्त्यांवर अर्ज घेऊन फिरत होता. सत्तावनात तो बेपत्ता झाला, इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही. मुंबईचे आर्देशिर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४ साली माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावले, आगबोटीची इंजिनं बसवली, आणि १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले हिंदी फेलो झाले. पुढे मुंबईच्या स्टीम फॅक्टरीत त्यांच्या हाताखाली गोरे कारागीर काम करत होते. नको असलेलं लग्न नाकारून कोर्ट गाजवलेल्या रखमाबाई १८८९ साली लंडनला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. या तिघांपैकी कोणालाही काल्पनिक यंत्राची गरज नाही. पण एखादं दिलं, तर काय बहार येईल.

हाती कोणतं घ्यावं

इंग्रजीची भीती असेल तर एक धीराची गोष्ट: ही पुस्तकं मुलांसाठी आहेत, वाक्यं लांब नसतात. अडतं ते कपडे आणि गाड्यांच्या नावांवर. झग्याखालच्या सांगाड्याला काय म्हणतात हे कळलं नाही तरी काही बिघडत नाही, पुढे जावं. पैशांचा हिशेब मात्र एकदा लक्षात ठेवावा: बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. नोकरांना आडनावाने हाक मारतात, थोरल्या मुलीला मिस आणि आडनाव, धाकटीला मिस आणि नाव. कोण कोणाला काय म्हणतंय यावरून दर्जा कळतो, आणि खलनायक बऱ्याचदा हाक मारण्यातच चुकून पकडला जातो. ‘लेव्हायथन’च्या शेवटी खरं किती आणि रचलेलं किती हे लेखकानेच सांगितलं आहे. ते आधी वाचू नये, पण वगळूही नये.

दहा-अकराव्या वर्षी ‘लार्कलाइट’. तेराच्या पुढे ‘एटिकेट अँड एस्पिओनाज’, आणि ज्यांना लढाया आणि यंत्रं हवीत त्यांना ‘लेव्हायथन’. त्यात मुलगा बनून हवाई दलात शिरलेली डेरिन आहे, ती मुलग्यांनाही आवडते. ‘क्लॉकवर्क एंजल’ पंधराच्या आसपास, तीन भाग लागोपाठ मिळणार असतील तरच, कारण पहिला भाग ऐन मोक्यावर सोडून देतो. ‘लार्कलाइट’ आणि ‘लेव्हायथन’ फोनवर वाचू नयेत. डेव्हिड वायट आणि कीथ थॉम्पसन यांची चित्रं त्यात आहेत, आणि देवमाशाच्या पोटाखाली लटकवलेली खोली कुठे आहे हे बोटभर पडद्यावर शोधून सापडत नाही.